फियाटचा कुठला पार्ट खरंच दुर्मीळ? शीवच्या एका ट्रंकेची गोष्ट

आजचा भाग थोडा घरचा आहे आणि थोडा कुर्ल्याचा. गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की घरात जुन्या गाडीचे पार्ट पडलेत, त्यांची किंमत कशी ओळखायची. मी काही डीलर नाही. दिवसभर कोड लिहितो आणि रविवारी हात काळे करतो. पण या विषयात मी एक मोठी चूक करून बसलोय, म्हणून बोलण्याचा थोडा हक्क आहे असं समजा.

आमची शीवची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. तारीख आली, खोल्या रिकाम्या करा म्हणून नोटीस लागली. कंपाऊंडमध्ये कव्हरखाली आजोबांची १९६७ ची फियाट ११०० डिलाइट उभी, आणि माळ्यावर त्यांची लोखंडी ट्रंक. ट्रंकेत पार्टच पार्ट. बाबा म्हणाले, "जे कामाचं असेल ते ठेव, बाकीचं काढून टाक. नव्या घरात जागा नाही." मी इंजिनिअर माणूस, पद्धतशीर बसलो. जे नवीन, चकचकीत, डब्यात पॅक, ते एका बाजूला: क्लच प्लेट, पिस्टनचा सेट, वॉटर पंप, कार्ब्युरेटरचं किट. जे करडं, डाग पडलेलं, कशाचं ते कळत नाही, ते दुसऱ्या बाजूला. दुसरा ढीग भंगारवाल्याने तोलला आणि साडेतीनशे रुपये हातावर ठेवले. मी खूश. माळा रिकामा झाला.

महिन्याभराने शीव कोळीवाड्याकडचे एक मिस्त्री गाडी बघायला आले. चाळीस वर्षं त्यांनी फक्त फियाट टॅक्सी उघडल्या आणि बंद केल्या. ट्रंक बघून ते हसलेच. "अरे बाळा, हे काय जपून ठेवलंयस? अशा क्लच प्लेटी मी तुला उद्या चार आणून देतो. पुढचा मोनो कुठंय? व्हील कॅप कुठंयत?"

मोनो म्हणजे बोनेटवरचं चिन्ह. 'फियाट' लिहिलेलं. ते करड्या ढिगात होतं. 'फियाट' अक्षरं असलेले चार व्हील कॅपही त्यातच.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की गाडीतली सर्वात महत्त्वाची वस्तू आणि सर्वात दुर्मीळ वस्तू या दोन वेगळ्या असू शकतात. बऱ्याचदा तर अगदी उलट्या असतात. क्लच प्लेटशिवाय गाडी जागची हलणार नाही, मोनोशिवाय मात्र आरामात पुण्याला जाऊन येईल. तरी क्लच प्लेट स्वस्त आणि मोनो मिळता मिळत नाही. असं का, हे समजायला धातू किंवा मशीन पुरत नाही. त्यासाठी इतिहास बघावा लागतो, आणि तो आमच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवर घडलाय.

शीव म्हणजे हद्द, सीमा. मुंबई बेटाची शीव संपली की पलीकडे साष्टी. आजही शीवपासून लालबहादूर शास्त्री मार्ग सुरू होतो आणि कुर्ल्यातून ठाण्याकडे जातो. जुन्या लोकांच्या तोंडी तो आग्रा रोड. त्याच रस्त्यावर कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांनी ही कंपनी १९४४ मध्ये काढली. वालचंद मूळचे सोलापूरचे. जहाज, विमान, मोटार, तिन्ही भारतात बनायला हवं या हट्टाचा माणूस. १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकन गाड्या जुळवल्या जायला लागल्या. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. आज कारखान्याच्या जागेवर कोहिनूर सिटी उभी आहे. प्रीमियर रोड हे नाव तेवढं उरलंय, आणि रिक्षावाल्याला सांगितलं तर तो बरोबर नेतो.

मुंबईत गाड्या जुळवणारे प्रीमियरच पहिले, असं मात्र नाही. जनरल मोटर्सने शिवडीत १९२८ मध्येच जुळणीचा कारखाना टाकला होता. फोर्डही मुंबईत होती. पण १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरवलं की नुसतं बाहेरून सुटे भाग आणून इथे जुळवायचं चालणार नाही. भाग इथेच बनवायचा कार्यक्रम असेल तरच राहा. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी गाशा गुंडाळला.

आता हा निर्णय पार्टच्या नजरेतून बघा. मुंबईत तेव्हा हजारो शेवरोले, फोर्ड, ब्यूक फिरत होत्या. अचानक त्यांच्या मागचा कारखानाच गेला. बाहेरून पार्ट आणायला आयात लायसन्स लागायचं. म्हणजे गाडी चालू ठेवायची तर दोनच रस्ते: लेथवर पार्ट बनवून घ्या, नाहीतर दुसऱ्या मेलेल्या गाडीचा काढा. त्यामुळे या अमेरिकन गाड्यांचं एकमेकींत अवयवदान झालं. जी एक गाडी आज रॅलीत झळकते, तिच्या पोटात तीन-चार गाड्या असू शकतात.

फियाटचं उलटं झालं. १९५४ च्या आसपास ११०० इथे आली. मिलिसेंतो, एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं बदलत गेली. लोकांनी मात्र त्या गोलमटोल गाडीचं एकच नाव ठेवलं: डुक्कर फियाट. सुरुवातीच्या मॉडेलांचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले. १९६४ मध्ये आली ११०० डिलाइट, आमच्या आजोबांची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फियाटशी करार संपला, नाव गेलं. मग तीच गाडी आधी प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. पत्रा थोडाफार बदलला, इंजिन तेच राहिलं: १०८९ सीसी, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ चा स्ट्रोक. १९५३ मध्ये इटलीत आलेल्या ११०० चीही क्षमता हीच. पद्मिनी बंद झाली सन २००० च्या सुमारास. म्हणजे एकच इंजिन जवळजवळ अर्धं शतक. आमच्या क्षेत्रात तीन वर्षांत लायब्ररी जुनी होते हो.

आणि या सगळ्यात मुंबईची काळी-पिवळी. १९६४ पासून डिलाइट टॅक्सी म्हणून धावायला लागली, पुढे पद्मिनी म्हणजेच टॅक्सी असं समीकरण झालं. टॅक्सी दिवसाला दोन पाळ्यांत चालते. तिचे ब्रेक शू, क्लच प्लेट, वॉटर पंप, सायलेन्सर झिजतात आणि सारखे बदलावे लागतात. एवढं मोठं गिऱ्हाईक असल्यावर कंपनीचा माल, लोकल माल, डुप्लिकेट माल, सगळं धो-धो बनलं. ऑपेरा हाऊसच्या दुकानांपासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत फियाटचं सामान म्हणजे किराणा.

पण टॅक्सीवाला मोनो कशाला विकत घेईल? क्रोमची बीडिंग निघाली तर निघाली. व्हील कॅप चोरीला गेला, गाडी तशीच पळवली. म्हणजे टॅक्सीने इंजिनाचे पार्ट जिवंत ठेवले आणि शोभेचे पार्ट संपवले. त्यातही 'फियाट' नाव असलेली डिलाइट जेमतेम आठ-नऊ वर्षं बनली. तिचा पिस्टन पुढची तीस वर्षं बनत राहिला, तिचा मोनो करार संपला तसा थांबला. माझी चूक नेमकी इथे होती. मी पार्टकडे बघत होतो; तो किती वर्षं, कोणासाठी आणि कोणाच्या नावाने बनला, हे बघत नव्हतो.

तरी "दुर्मीळ म्हणजे महाग" ही उडी मारू नका. प्रीमियरनेच नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ बनवली होती, कल्याण-डोंबिवलीकडे. थोडीच वर्षं चालली. तिचे पार्ट आज शोधून मिळत नाहीत, खरंखुरं दुर्मिळ प्रकरण. पण मागणारं कोण? मोजकी माणसं. त्यामुळे एखाद्याकडे तिचा दिवा असेल तर तो दुर्मीळही आहे आणि जवळजवळ फुकटही. किंमत तेव्हा चढते जेव्हा पार्ट कमी, त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या गाड्या जास्त, आणि नवा बनवणं कठीण. यातला तिसरा मुद्दा लोक विसरतात. मडगार्ड कितीही दुर्मीळ असो, चांगला डेंटर पत्रा ठोकून बनवतो. बुश लेथवर निघतो. पण टफन्ड काच एकदा बनली की कापता येत नाही, घासून बसवता येत नाही. आकार चुकला की चुकला. आणि साच्यातून ओतलेली बारीक अक्षरं, मीटरची तबकडी, रंगीत लेन्स, हे एका नगासाठी बनवायला गेलात तर साच्याचाच खर्च डोळे पांढरे करतो.

बरं, पार्ट हातात आला. तो कधीचा, कशाचा, हे कसं ओळखायचं? मी उरलेल्या ट्रंकेवर तीन रविवार घालवले, आणि मला सगळ्यात जास्त मजा आली ती पार्ट बघताना नाही, त्यांचे डबे वाचताना.

डबा फेकू नका, प्लीज. डब्यावर पत्ता असतो. '४०० ०७०' असा सहा आकडी पिन कोड छापलाय? मग डबा १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिन कोड तेव्हा सुरू झाला. नुसतं 'बॉम्बे-७०' किंवा आपल्या शीवसाठी 'बॉम्बे-२२' असेल तर बहुतेक त्याआधीचा. बहुतेक म्हणतोय, कारण जुने छापलेले डबे दुकानदार संपेपर्यंत वापरायचे. 'बॉम्बे'च्या जागी 'मुंबई' असेल तर १९९५ नंतरचा. किंमत आण्यात असेल तर १९५७ च्या आधीची छपाई. आणि 'नये पैसे' लिहिलेलं दिसलं तर उडी मारा, कारण नये पैसे हा शब्द फक्त १९५७ ते १९६४ अधिकृत होता. आजोबांच्या ट्रंकेत एक छोटी पुडी होती, पॉइंट सेटची, किंमत नये पैशांत. म्हणजे ती पुडी त्यांच्या गाडीपेक्षाही जुनी! त्यांनी ती कुठून आणली, कोणाच्या गाडीसाठी, आता सांगायला कोणी नाही.

पार्टवरचे शिक्के तसेच वाचायचे. आयएसआयची खूण या देशात १९५५ नंतर आली. तेव्हा "हा १९५३ चा इटलीहून आलेला ओरिजिनल पार्ट" असं कोणी सांगत असेल आणि त्यावर आयएसआय दिसत असेल, तर चहा पिऊन निघायचं. पार्ट चांगला असेलही, गोष्ट खोटी. मायको लिहिलेला स्पार्क प्लग बंगळुरूचा, ती कंपनी १९५१ मध्ये सुरू झाली. इटालियन फियाटच्या मीटरवर वेलिया हे नाव दिसतं. पिस्टनच्या डोक्यावर ओव्हरसाइझचा आकडा कोरलेला असतो. माझ्या जपून ठेवलेल्या सेटवर ०.६ होतं, म्हणजे बोअर तेवढा वाढवलेल्या इंजिनालाच तो बसेल. आमचं इंजिन मिस्त्रींनी मोजलं, तेवढं वाढवलेलं नाहीच. म्हणजे मी सोनं समजून ठेवलेला पिस्टन आमच्या काही उपयोगाचा नाही. त्या दिवशी मी फार बोललो नाही.

आटे बघा. फियाट मेट्रिक गाडी आहे, पाना मिलिमीटरचा लागतो. अमेरिकन गाड्यांना इंचाचा, जुन्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थचा. "फियाटचाच आहे" म्हणून दिलेल्या पार्टच्या बोल्टला मिलिमीटरचा पाना नीट बसत नसेल तर शंका घ्या. ट्रंकेत मला सहा व्होल्टचे दोन बल्बही सापडले. फियाट ११०० बारा व्होल्टची. सहा व्होल्ट म्हणजे १९५५ पर्यंतची डॉज किंवा प्लिमथ, कुर्ल्याच्या पहिल्या काळातली. ते बल्ब मी एका प्लिमथवाल्या काकांना दिले, त्यांनी घरी बोलावून जेवू घातलं.

धातू ओळखायला चुंबक आणि हात. चुंबक चिकटला तर लोखंड-पोलाद. नाही चिकटला तर ॲल्युमिनियम, पितळ किंवा जस्ताचं ओतकाम. ॲल्युमिनियम हलकं, लगेच कळतं. पितळ आणि जस्त दोन्ही जड. मागच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, हळूच ओरखडा काढा, पिवळं दिसलं तर पितळ. हा फरक का महत्त्वाचा? पितळेवर पुन्हा क्रोम चढवणं सोपं. जस्ताच्या पार्टवर क्रोमखाली बारीक खड्डे पडतात, फोड येतात, आणि ते नीट साफ करून, भरून, तांब्याचा थर देऊन मग क्रोम करावं लागतं. घाईत केलं की अक्षरांच्या कडा गुळगुळीत होऊन जातात. युद्धाआधीच्या काही जस्ती पार्टांत तर शिशाची भेसळ असल्याने धातू आतूनच भुसभुशीत होतो. आमचा मोनो करडा आणि फोड आलेला दिसत होता, म्हणून मी तो भंगारात टाकला. तो जस्ताचा होता एवढंच. मेलेला नव्हता.

एक गोष्ट मात्र कडक सांगतो. रबर. तीस वर्षं सीलबंद असलेलं ब्रेकचं रबर म्हणजे ठेवा नव्हे, धोका आहे. न वापरताही रबर कडक होतं, चिरतं. डबा ठेवा शोभेला, गाडीत नवं रबर घाला. आणि जुने ब्रेक लायनर घासू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुप्फुसात जाते.

आता कोणी म्हणेल, मोनो नाही तर नाही, एवढं काय. आमच्यासाठी प्रश्न खरा होता. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी, मूळ रूपात राखलेली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली. नंबर प्लेटवर 'व्हीए' अक्षरं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. आमची गाडी वयात बसते. मोनोवरून कोणी नोंदणी नाकारेल असं मला वाटत नाही. पण बिल्डिंग पडणार होती, गाडी ठेवायला जागा नव्हती, आणि ती सांभाळायला तयार असलेल्या एका जुन्या गाड्यांच्या शौकीन माणसाने पहिला प्रश्न हाच विचारला: "पूर्ण आहे का?" पूर्ण गाडी असेल तर तो घेऊन जपणार. अर्धवट असेल तर त्याच्या दुसऱ्या डिलाइटसाठी हिचे पार्ट काढणार. तेच जुनं अवयवदान. बाबा हे ऐकून आत निघून गेले. आम्ही नाही म्हटलं.

जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, फिव्हाने, २०१२ मध्ये तोरिनो चार्टर म्हणून एक मसुदा स्वीकारला. त्यातली एक भूमिका मला पटते: नव्यासारखं चकचकीत करण्यापेक्षा जे मूळ आहे ते टिकवा. म्हणजे डागाळलेला खरा मोनो हा नव्या कोऱ्या नकलेपेक्षा मोलाचा. तोरिनो हे फियाटचं गाव, हा योगायोग मला आवडला. आपल्याकडे हॉर्निमन सर्कलच्या रॅलीत मात्र लोक आरशासारख्या गाडीभोवतीच सेल्फी काढतात, चालायचंच.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. बातम्यांत सगळ्यांनी डोळे पुसले, पण पार्टच्या दृष्टीने काय झालं ते कोणी बोललं नाही. ज्या गिऱ्हाईकामुळे क्लच प्लेट स्वस्त होती, तेच गिऱ्हाईक गेलं. आता कोणी नवा माल बनवणार नाही. दुकानदार उरलेला विकून जागा मोकळी करणार, न विकला गेलेला किलोवर जाणार. आज किराणा असलेलं सामान दहा-पंधरा वर्षांनी मोनोच्या रांगेत येऊन बसेल.

मी हे मिस्त्रींना सांगितलं, जरा शहाणपणा दाखवत. ते म्हणाले, "ते मला माहितीये रे. म्हणून तर तुला चार क्लच प्लेटी आणून देतो म्हटलं. बाजारात आहेत तोवर घे." मग थोडं थांबून, "पण बसवणार कोण? माझा पोरगा मोबाइलचं दुकान चालवतो."

गाडी सध्या डोंबिवलीला आत्याच्या सोसायटीत आहे, महिन्याला पार्किंग भरून. ट्रंकही तिथेच. ०.६ चा पिस्टन सेट मी एका टॅक्सीवाल्या काकांना दिला. त्यांनी परमिट संपल्यावर गाडी विकली नाही, घराशेजारी ठेवलीये, रविवारी चालू करतात. मिस्त्री आता दर दुसऱ्या रविवारी डोंबिवलीला येतात आणि मी त्यांचं काम फोनवर रेकॉर्ड करतो: कार्ब्युरेटर कसा उघडायचा, पॉइंटची गॅप कानाने कशी ओळखायची, हँडगियरचं लिंकेज कुठे अडकतं. सतरा व्हिडिओ झालेत. व्हील कॅप दोन मिळाले, एक चोर बाजारात आणि एक कुर्ल्यात कटिंगच्या गाडीवर.

मोनो अजून नाही. ज्या भंगारवाल्याला दिला होता त्याच्याकडे मी तीनदा जाऊन आलो. तिसऱ्यांदा त्याने मलाच विचारलं, "साहेब, ते एवढं भारी होतं तर किलोवर का दिलंत?"